वाचनालयाची साधी वेबसाइट स्वतः बनवायची आहे, सुरुवातीला कोणती सॉफ्टवेअर घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमची वेबसाइट नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघतो, कोणीतरी कोटेशन आणतं, आकडा ऐकून सगळे चहा घेतात आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. या वेळी मीच म्हटलं, शिकून मी बनवते. शब्द दिलाय, आता मदत करा.

साइट अगदी साधी हवी. वाचनालयाच्या वेळा, वर्गणी, नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेची सूचना, थोडे फोटो. लॉगिन नको, पैसे भरायची सोय नको. मजकूर सगळा मराठीत.

माझी शिदोरी म्हणजे एमएस-सीआयटी केलेलं आहे, एक्सेल बऱ्यापैकी येतं. एचटीएमएलमध्ये टॅग उघडला की बंद करायचा, इतपत कळलंय. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, विंडोज १०.

गोंधळ सॉफ्टवेअरचा आहे. इथले एक क्लासवाले म्हणतात, ड्रीमवीव्हर आणि फोटोशॉप आल्याशिवाय वेब डिझाइन नाही. दोन्ही ‘आम्ही टाकून देऊ’ म्हणाले, म्हणजे कसं ते तुम्हाला कळलंच असेल. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या कामात चोरीचं सॉफ्टवेअर मला नको. भाचा म्हणतो, मावशी, फिग्मा शीक. एका व्हिडिओत ॲटम नावाचा कोड लिहायचा एडिटर घ्या म्हणतात, शोधलं तर ते बंद पडलेलं दिसतं. आणखी एका व्हिडिओतली मुलगी नुसत्या नोटपॅडमध्ये आख्खं पान करून दाखवते. मग बाकीच्यांना एवढी सॉफ्टवेअर लागतात कशाला?

आणि एक. संस्थेचा इतिहास, जुने अहवाल, देणगीदारांची नावं हे सगळं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फाँटांत, टाइप केलेलं आहे. ते तसंच उचलून साइटवर चिकटवता येईल का?

जाणकारांनी कृपया सांगावं. फुकटातलं किंवा ओपन सोर्स असेल तर उत्तम.

– पुस्तकघर

आगगाडी:
वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) टाका नि मोकळ्या व्हा. शिकत बसलात तर पुढची वार्षिक सभा उजाडेल.

खडूफळा:
आगगाडी, वर्डप्रेसला माझा विरोध नाही, पण पाच पानांसाठी डेटाबेस, थीम, प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आणि त्या प्रत्येकाचे अपडेट कोण सांभाळणार? अपडेट न केलेलं प्लगइन म्हणजे रात्री उघडी राहिलेली खिडकी. यादी रोज बदलणार असेल आणि ती वेगवेगळी माणसं भरणार असतील, तर वर्डप्रेस. ताईंचं काम तसं दिसत नाही, आणि त्यांना शिकायचंही आहे.

ताई, तुम्हाला एक एडिटर, एक ब्राउझर आणि फोटोसाठी काहीतरी, एवढंच लागेल.

एडिटर म्हणून व्हीएस कोड घ्या. मायक्रोसॉफ्टचा आहे, फुकट आहे, ४ जीबीवर चालतो. फक्त शेजारी क्रोमचे वीस टॅब उघडे ठेवू नका. फारच जड वाटला तर नोटपॅड प्लस प्लस, तो चिमूटभर आहे. त्या मुलीचं चुकीचं नाही, साध्या नोटपॅडमध्येही पान होतं. पण एडिटर टॅग रंगवून दाखवतो, बंद करायचा टॅग स्वतः घालतो, आणि विसरलेला कंस शोधण्यात तुमची संध्याकाळ जात नाही. व्हीएस कोडमध्ये फाइलला डॉट एचटीएमएल नाव देऊन उद्गारचिन्ह टाइप करा आणि टॅब दाबा, पानाचा सांगाडा आपोआप येतो. त्यात यूटीएफ-८ ची ओळ (मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून) आणि मोबाइलसाठीची व्ह्यूपोर्टची ओळ (पान स्क्रीनच्या रुंदीत बसावं म्हणून) आयती असते. लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेन्शन (एडिटरची जोड-सुविधा) घातलं की फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधलं पान ताजं होतं. याहून जास्त एक्स्टेन्शन सध्या घेऊ नका, तो नाद वाईट.

तुमचा खरा गुरू ब्राउझरमध्ये बसलाय. कुठल्याही साइटवर एफ१२ दाबा. समोरचं पान कशाने बनलंय ते दिसेल, रंग-आकार तिथल्या तिथे बदलून बघता येतील (तुमच्यापुरतेच, घाबरू नका), आणि मोबाइलवर पान कसं दिसेल तेही तिथेच कळेल. वाचनालयाचे सभासद साइट फोनवरच उघडणार, त्यामुळे ही तपासणी सोडू नका.

ड्रीमवीव्हरचं म्हणाल तर १९९७ साली मॅक्रोमीडियाने ते आणलं, २००५ मध्ये अडोबीने ती कंपनीच घेतली. एके काळी आम्ही सगळे त्यावरच शिकलो. आज त्याला वर्गणी भरावी लागते आणि नवशिक्याला त्यातून जे मिळतं ते वरच्या फुकट साधनांत आहे. ॲटम २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, ब्रॅकेट्स या दुसऱ्या एडिटरचा आधार अडोबीने २०२१ मध्येच काढला. म्हणून व्हिडिओ बघताना आधी त्याची तारीख बघा. फिग्मा चांगलं आहे, पण ते पानाचा आराखडा काढायचं साधन आहे. पाच पानांचा आराखडा पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने होतो. भाच्याला राग येऊ देऊ नका.

फोटोसाठी फोटोपी बघा. ब्राउझरमध्येच चालतं, तोंडवळा फोटोशॉपसारखा. इन्स्टॉल करायचं असेल तर गिंप. नुसतं वजन उतरवायला स्क्वूश पुरे. फोनवरचा ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी किंवा जेपेगमध्ये सेव्ह करा, बहुतेक फोटो २०० केबीच्या आत येतील.

जुना डीटीपीवाला:
श्रीलिपीचं मी सांगतो, त्यात आयुष्य गेलंय. तसंच चिकटवलंत तर वाचणाऱ्याला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, समोरच्याकडे तो फाँट नसला की सोंग उतरतं. २००० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या साइट वाचायला आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागायचा, तो याच कारणाने. आधी सगळं युनिकोडमध्ये आणा, म्हणजे कुठल्याही संगणकावर, फोनवर तीच अक्षरं दिसतील. कन्व्हर्टर मिळतात, पण श्रीलिपीच्या सगळ्या फाँटांची मांडणी एकसारखी नाही, त्यामुळे आधी एक परिच्छेद करून बघा. नंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन. रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं हमखास घसरतात. देणगीदारांची नावं तर दोघांनी मिळून वाचा, एकाचं ‘र्‍हे’चं ‘हे’ झालं तरी घरी येऊन भांडतील.

फाँट गूगल फाँट्सवरून घ्या. मजकुराला मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, मथळ्याला बलू. पुस्तकी तोंडवळा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी. इंग्रजी साइटवरून उचललेल्या सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, असेल तर ते काढाच, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. खडूफळांनी सांगितलेल्या सांगाड्यात भाषा ‘ईएन’ (इंग्रजी) येते, ती ‘एमआर’ (मराठी) करा. फाँटात सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात.

पुस्तकघर:
खडूफळा, डीटीपीवाले काका, मनापासून आभार. व्हीएस कोड बसवला, उद्गारचिन्हाची जादू पाहिली! क्लासवाल्यांना नाही सांगितलं. आता पान लॅपटॉपवर दिसतंय, ते लोकांना दिसायला काय करू? होस्टिंगला, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायला, पैसे पडतात ना?

खडूफळा:
तुमच्यासारख्या स्थिर पानांना पडत नाहीत. गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेसाठी गिटहबवर खातं काढा, फाइल ब्राउझरमधूनच ओढून टाकता येतात. साइट १ जीबीपर्यंत चालते, तुमची त्याच्या जवळपासही जाणार नाही. मात्र फुकट खात्यात फाइल सगळ्यांना दिसतात, म्हणून सभासदांचे फोन नंबर असलेली एक्सेल चुकूनही त्या फोल्डरात ठेवू नका. स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन हवं असेल तर तेवढ्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतील. ते संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या, तुमच्या किंवा भाच्याच्या नाही. माणसं बदलतात, मग डोमेन कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

चढवण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिल्या पानाचं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ हवं, आणि विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन (इथे अर्थ नावातला डॉटनंतरचा भाग) दिसेल असं करून घ्या, नाहीतर मागे ‘टीएक्सटी’चं शेपूट लपून राहतं. दुसरं, फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. विंडोज लहान-मोठं अक्षर एकच मानतं, तिथला सर्व्हर मानत नाही, आणि मग घरी दिसणारा फोटो साइटवर गायब होतो.

झालं की इथे लिंक द्या, फोनवर उघडून बघतो.