मंडळाची हार्ड डिस्क: कृपया कुणीही ती पुन्हा लावू नका

प्रेषक: स्मरणिका समिती, मिसिसागा
शुक्रवार, रात्री

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या फोटोंची आणि दिवाळी अंकांची एक टीबीची काळी डिस्क गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. काल रात्रीपासून ती उघडत नाही. स्मरणिकेसाठी २००३ च्या गणपतीचे फोटो हवे होते म्हणून लावली. वरचे फोल्डर दिसतात, आत गेलं की चक्र फिरतच राहतं. मग विंडोज विचारतं, फॉरमॅट करायची का? मी ‘नाही’ म्हटलं, केबल बदलली, दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली. तेच.

फोटोंच्या प्रती निदान थोड्याफार लोकांकडे असतील. पण काकूंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही त्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. कालपासून मला झोप लागलेली नाही.

एका दुकानात विचारलं, तर डिस्क न बघताच अठराशे डॉलर सांगितले. कुणाला यातलं काही कळतं का?


प्रेषक: सभासद, स्कार्बरो
शुक्रवार, रात्री

ताई, विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवून बघा, आमच्याकडे एकदा त्याने काम झालं होतं. नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या मेव्हण्याने तसं करून फाइली काढल्या होत्या.


प्रेषक: सभासद, ग्वेल्फ
शनिवार, पहाटे

ताई,

आधी केबल काढा आणि डिस्क बाजूला ठेवा. ‘आता उघडते का बघू’ म्हणून एकदाही लावू नका. आजारी डिस्क किती तास फिरेल ते मोजून मिळालेलं असतं, आणि ते तास आपल्याला कामासाठी हवे आहेत.

स्कार्बरोच्या दादांनी आपुलकीने सुचवलं आहे, तरी ते दोन्ही उपाय कृपा करून नकोत. चेकडिस्क फाइलसिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदवहीचा, हिशेब जुळवते, तुमच्या फाइली वाचवणं तिचं काम नाही. जी नोंद वाचता येत नाही ती चेकडिस्क छाटून टाकते, आणि हे सगळं त्याच डिस्कवर लिहिते. उद्या शोधायला ज्या खुणा लागतील त्याच पुसल्या जातात. फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर दव धरतं हे तर आपण रोज पाहतो. डिस्कच्या तबकडीवरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतं, तिथे ओलावा गेला तर तबकडी खरवडली जाईल.

आता मला आवाजाबद्दल सांगा. काल लावली तेव्हा ठरावीक ठोक्याने टक्-टक् येत होतं का? येत असेल, किंवा डिस्क फिरतच नसेल, तर हेड किंवा मोटर गेली आहे. मग घरी काहीही करायचं नाही. तिला प्रयोगशाळेतच न्यावं लागेल, आणि त्यासाठी मंडळाने वर्गणी काढावी, पहिले शंभर डॉलर माझे. पण फोल्डरची नावं दिसत होती, त्यावरून मला वाटतं काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे, खराब झाले आहेत. तसं असेल तर हे काम फुकटच्या सॉफ्टवेअरने घरी होतं. मी यापूर्वी तीन डिस्कवर केलं आहे.


प्रेषक: स्मरणिका समिती, मिसिसागा
शनिवार, सकाळी

टक्-टक् नाही. सुरळीत फिरल्याचा आवाज येतो, मध्येच थोडं कुरकुरल्यासारखं होतं आणि पुन्हा फिरते. केबल काढली आहे. तुम्ही नेमकं काय करणार ते सविस्तर लिहाल का? मला समजून घ्यायचं आहे, आणि आपल्या ईमेल यादीवरच्या अनेकांच्या घरी अशा डिस्का असतील.


प्रेषक: सभासद, ग्वेल्फ
शनिवार, दुपारी

ताई, जरूर. आज संध्याकाळी येऊन डिस्क घेऊन जातो. तोवर लिहितो.

तत्त्व एकच आहे: मूळ डिस्कवर फाइली शोधायच्या नाहीत. आधी अख्ख्या डिस्कची, सेक्टरन् सेक्टरची प्रत एका निरोगी डिस्कवर एका मोठ्या फाइलीत उतरवायची. मग मूळ डिस्क कपाटात, आणि सगळा शोध त्या प्रतीवर.

प्रत काढायला मी ग्नू डीडीरेस्क्यू वापरतो. आंतोनिओ दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २००४ पासून मोफत मिळतं. नेहमीची कॉपी का अडकते ते आधी बघा. खराब सेक्टर आला की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, त्यात कित्येक सेकंद जातात, आणि असे हजारो सेक्टर असले की कॉपी तिथेच ठाण मांडून बसते. पलीकडच्या निरोगी भागाची पाळी येण्याआधी डिस्क दमून जाते. डीडीरेस्क्यू अडचण आली की उडी मारून पुढे जातं. सहज मिळेल ते आधी गोळा करतं, मग खराब भागाच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत शिरतं, आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडून बघतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ते नकाशाच्या छोट्या फाइलीत ठेवतं. त्यामुळे मध्येच वीज गेली, किंवा डिस्क तापली म्हणून तुम्ही थांबलात, तरी पुन्हा तिथूनच सुरुवात होते. ही नकाशाची फाइल विसरू नका. ती नसेल तर दुसऱ्यांदा चालवताना सगळं पहिल्यापासून.

मी हे विंडोजमधून न करता पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या उबुंटू या मोफत प्रणालीतून करतो. डिस्क दिसली की विंडोज लगेच तिच्यात नाक खुपसतं. उबुंटूमध्ये पॅकेज शोधताना नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ असं आहे, सुरुवातीचा ‘जी’ धरून. डीडी अंडरस्कोर रेस्क्यू नावाचं वेगळंच एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्याशी गल्लत होते.

दोन ठिकाणी लोक घसरतात. आज्ञेत आधी आजारी डिस्क, मग प्रत, मग नकाशा, असा क्रम असतो. डिस्कवरून थेट डिस्कवर प्रत काढताना पहिली दोन नावं उलटी झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या आठवणींवर लिहिली जाईल. मी दोन्ही डिस्कचे आकार कागदावर लिहून, संगणक दाखवतो त्या डिस्कच्या यादीशी ताडून, मगच एंटर दाबतो. दुसरं, प्रत जिथे उतरवायची ती डिस्क एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी. तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि आपली प्रत एक हजार जीबीची आहे. माझ्याकडे ४ टीबीची आहे, तीच वापरतो.

आणखी एक, पेटी फोडून आतली डिस्क काढण्याचा मोह मी टाळणार आहे. काही बाहेरच्या डिस्कमध्ये यूएसबीचं सर्किटच सगळं गुप्तलिपीत लिहितं, त्या सर्किटाशिवाय आतलं काही वाचता येत नाही.


प्रेषक: सभासद, ग्वेल्फ
गुरुवार, रात्री

मंडळी,

प्रगती सांगतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते तिच्यात क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, बरेच आहेत. निदान बरोबर होतं.

पहिल्या फेरीला तेरा तास लागले. सुमारे ९ जीबी सोडून सगळं आलं. मग डिस्क तापली, दोन तास बंद ठेवली, बाजूला टेबलफॅन लावला. पुढचे चार दिवस त्या ९ जीबीत गेले. अर्ध्या वाटेवर उलट्या दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावलं, तेव्हा बराच भाग सुटला. आता ३८ एमबी उरले आहेत, दोन दिवसांत त्यातला एक सेक्टरही हलला नाही. इथे थांबतो. डिस्क पिशवीत घालून तारीख लिहून ठेवली आहे.

प्रत फक्त-वाचा पद्धतीने उघडली. बहुतेक फोल्डर नावानिशी मिळाले. पण २००१ ते २००६ चा फोल्डर रिकामा दिसतो, त्याची नोंदच त्या ३८ एमबीत गेली असणार. त्यावर फोटोरेक चालवलं आहे. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हेही मोफत सॉफ्टवेअर आहे, टेस्टडिस्कबरोबर मिळतं. ते फोल्डर-बिल्डर बघतच नाही, फाइलीच्या पहिल्या काही बाइटांवरून ओळखतं की इथे फोटो सुरू झाला, इथे वर्डची फाइल. नावं मात्र परत येत नाहीत. ‘एफ’ आणि पुढे लांब आकडा, अशा अकरा हजार फाइली समोर आहेत. फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते, ती वाचून एक्झिफटूलने वर्षवार लावतो आहे. २००३ चे गणपती सापडले, ताई. आरतीच्या फोटोत काकू डावीकडे उभ्या आहेत.


प्रेषक: स्मरणिका समिती, मिसिसागा
शुक्रवार, सकाळी

डोळे भरून आले. पण तुम्ही पाठवलेल्या दिवाळी अंकाच्या वर्ड फाइली उघडल्या तर सगळा कचरा आहे. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. त्या खराबच निघाल्या ना?


प्रेषक: माजी संपादक, ओटावा
शुक्रवार, दुपारी

ताई, थांबा, काही पुसू नका! फाइली धडधाकट आहेत. त्या काळी आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, टाइप करत नव्हतो. पुण्याहून आणलेला श्रीलिपीचा फॉन्ट होता. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त फॉन्ट त्यांचं रूप मराठी दाखवायचा. फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कंस आणि डॉलर म्हणजे आपल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं आहेत.

फॉन्टची फाइल माझ्याकडे आता नाही, पण त्याच डिस्कवर ठेवल्याचं पक्कं आठवतं.


प्रेषक: सभासद, ग्वेल्फ
रविवार, रात्री

काका, तुमची आठवण खरी ठरली. फोटोरेक फॉन्टच्या फाइलीही उचलतं. नाव नसलेले चाळीसेक फॉन्ट निघाले, एकेक उघडून पाहिले, सतराव्यात देवनागरी आली. तो बसवला आणि तुमचं २००४ चं संपादकीय जसंच्या तसं वाचता आलं. आता ही पानं युनिकोडमध्ये उतरवून घ्यायला हवीत, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी कचरा समजून टाकून देईल. टाइप तपासायला दोघं-तिघं हवेत.

आणि ओव्या. प्रतीत ज्या जागा वाचता आल्या नव्हत्या, तिथे डीडीरेस्क्यूकडून एक खुणेचा मजकूर भरून घेतला आणि तो कुठल्या फाइलींत सापडतो ते शोधलं. खराब फाइलींची नेमकी यादी अशी मिळते. ओव्यांची फाइल त्या यादीत निघाली तेव्हा मी थोडा वेळ उठून बाहेर गेलो.

मग ऐकली. एकेचाळीस मिनिटांत एकाच ठिकाणी ४०९६ बाइट गेले आहेत. वेव्ह फाइल दाबलेली नसते, सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजे गेला तो सेकंदाचा चाळिसावा भागही नाही. तेविसाव्या मिनिटाला ‘टिक्’ ऐकू येतं, पुढचा शब्द पूर्ण आहे.


प्रेषक: स्मरणिका समिती, मिसिसागा
सोमवार, सकाळी

तेविसावं मिनिट ऐकलं. ते ‘टिक्’ आहे त्याच्या आधी कुकरची शिट्टी झाली, म्हणून काकू क्षणभर थांबल्या होत्या. मला वाटलं होतं शिट्टी कापून टाकू. आता नाही कापायची.

एक प्रत माझ्याकडे, एक ओटावाला काकांकडे, तिसरी काकूंच्या लेकीला नाशिकला पाठवते. शनिवारी हॉलवर सगळं घेऊन येते आहे, ज्यांना ओव्या हव्यात त्यांनी पेनड्राइव्ह आणावा.