हिरवळीचा निकष: कापण्या मोजायच्या की गवताची उंची?

हिरवळवाला:
सार्वजनिक बागेच्या कंत्राटातलं "महिन्याला दोन कापण्या" हे कलम काढाच. वाढीच्या दिवसांत गवत आठवड्यात हाताबाहेर जातं, थंडीत महिनाभर हलत नाही, आणि मशीन मात्र तारखेला फिरतं. अट उंचीची हवी: कापून ५ सेंमी, वाढून ७.५च्या वर नाही. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हे गणित त्यातच बसतं. १२ सेंमीचं गवत एकदम ५वर आणलं की पिवळे देठ उघडे पडतात, मुळांची वाढ खुंटते आणि मोकळ्या जागेत तण शिरतं.

खुरपं:
पटत नाही. उंची मोजायची कुठे? सावलीतलं आणि उन्हातलं गवत सारखं वाढतं का? एका कोपऱ्यात ८ सेंमी भरलं म्हणून बिल अडवलं की भांडण सुरू. शिवाय उंचीच्या धाकाने चिखलात मशीन घालतात. चाकोऱ्या पडतात, माती दडपते, पाणी मुरत नाही.

हिरवळवाला:
दहा ठिकाणी पट्टी टेकवा, आठ ठिकाणी उंची बसली की पास. सावलीचा पट्टा नकाशावर वेगळा दाखवा, तिथे ७ ते १०. चिखलाचं म्हणणं अगदी खरं. वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकून पाय रुतेनासा होईपर्यंत, कापणी नाही, मग तीन-चार दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने उंची उतरवायची, असं कलमच घाला. पण मशीनचं पातं बोथट झालंय, हे कापण्यांच्या नोंदवहीत दिसणार आहे का? दुसऱ्या दिवशी वाकून गवताची टोकं बघा. धार असेल तर छेद स्वच्छ, नसेल तर टोकाच्या चिंध्या. त्या वाळल्या की अख्खी हिरवळ भुरकट दिसते.

खुरपं:
टोकं बघायचं कलम घ्याच. वाफ्यांना मात्र वेळापत्रकच हवं. "तण दिसू नये" एवढंच लिहिलं की तपासणीच्या आदल्या दिवशी वरवर खुडतात. लव्हाळ्यासारख्या तणाच्या गाठी मातीखाली तशाच, आठ दिवसांत पुन्हा कोंब वर. दर दहा दिवसांनी खुरपणी, तण फुलायच्या आत, मुळासकट. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ७ सेंमी जाड, बुंध्यापासून चार बोटं लांब. टेकलं की साल कुजते.

झारी:
पाणी दोघांनीही सोडलंत. रोज थोडंथोडं शिंपडलं की मुळं वरच्याच थरात राहतात. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर १५ सेंमी सहज गेला पाहिजे. वरच अडला तर एकतर पाणी मुरलेलं नाही, नाहीतर माती दडपली आहे. दडपली असेल तर पोकळ दात्यांच्या अवजाराने ७ ते १० सेंमी खोल भोकं पाडून माती बाहेर काढा. आणि लोक जिथून रोज आडवे जातात तिथे गवताचा हट्ट सोडा, फरशी टाका.