टेक्सासच्या शाळेत बंदूकधारी ऑफिसर: तुम्हाला पटतं का?

निवांत_डलास:
लेक दुसरीत आहे. शाळेच्या दारात आता कमरेला पिस्तूल लावलेला ऑफिसर असतो आणि पोरं त्याला टाळी देत आत पळतात. माझ्या मात्र अजून पोटात गोळा येतो. तरी 'हाउस बिल ३' हा राज्याचा कायदा आला ते बरंच झालं, असं माझं मत. १ सप्टेंबर २०२३ पासून टेक्सासच्या प्रत्येक सरकारी शाळेत, शाळेच्या वेळात एक सशस्त्र ऑफिसर हवाच. २०२२ साली टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्यावर आणखी कशाची वाट बघायची?

भोचक_भवानी:
अहो, उदाहरण देताय तेही युवाल्डीचं? तिथे ३७६ पोलीस जमले होते! वर्गात शिरून हल्लेखोराला टिपायला ७७ मिनिटं लागली. बंदुकांचा तुटवडा होता का? २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा शाळेचा सशस्त्र डेप्युटी (शेरीफच्या खात्यातला पोलीस) इमारतीबाहेरच थांबला, आत १७ जीव गेले. त्याच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये निर्दोष सुटला.

निवांत_डलास:
दोन ठिकाणी माणसांनी कच खाल्ली म्हणून पहाराच नको? सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियाच्या अपालाची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, शाळेतलेच ऑफिसर काही मिनिटांत समोर ठाकले आणि गोळ्या झाडणारा पोरगा शरण आला.

भोचक_भवानी:
तोवर चौघं गेली होती, दोन मुलं नि दोन शिक्षक. १४ वर्षांच्या पोराकडे रायफल आली कुठून, ते बघा ना. बापाने नाताळची भेट म्हणून दिली होती, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. दारावरचा ऑफिसर त्याला काय करणार?

हिशेबी_काका:
तुमचं चालू द्या, मी पैशाचं बोलतो. कायदा झाला तेव्हा राज्याकडून वर्षाला शाळेमागे १५,००० डॉलर आणि विद्यार्थ्यामागे १० डॉलर ठरले. ५०० मुलांची एलिमेंटरी धरा, वर्षाचे झाले २०,०००. तेवढ्यात पूर्णवेळ ऑफिसर? टेक्सासात? उरलेला खर्च डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या बोकांडी. माणूस किंवा पैसा नसेल तर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने ठराव करून सूट घ्यायची, पण मग दुसरी सोय दाखवायची: शाळेतल्याच कोणाला तरी प्रशिक्षण देऊन पिस्तूल द्यायचं. म्हणजे आडगावच्या शाळेत हजेरी घेणारे सरच पहारेकरी.

भोचक_भवानी:
आणि रागाच्या भरात तेच पिस्तूल पोराच्या हाती लागलं तर?

निवांत_डलास:
ताई, शिक्षकांच्या हाती पिस्तूल मलाही नको. म्हणून तर पगारी ऑफिसर हवा म्हणतोय. गेल्या महिन्यात लॉकडाऊन ड्रिल झालं, म्हणजे हल्लेखोर आला तर लपून बसायचा सराव. अंधारात कोपऱ्यात बसलेले असताना लेकीच्या मैत्रिणीला उचकी लागली, ती काही केल्या थांबेना. बाईंनी तिला पोटाशी धरलं. लेक मला विचारत होती, "बाबा, खरंच कोणी आलं आणि उचकी लागली तर?" ३७६ पोलीस काय, एक ऑफिसर काय, मला त्या दाराशी कोणीतरी हवंय.

हिशेबी_काका:
हवंय ना? मग बोर्डाच्या मीटिंगला या आणि विचारा, ऑफिसर रजेवर गेला की बदली कोण? गेल्या शुक्रवारी आमच्या नातवाच्या शाळेत दारात कोणीच नव्हतं.