पाण्याची खोली, पातळी की उंची?

टिपणकार: उपग्रहाने पाणथळीतलं पाणी कसं मोजतात, या लेखाचा अनुवाद चालू आहे. 'पाण्याची खोली मोजली' हे वाक्य तपासणाऱ्यांनी खोडून 'पातळी' केलं. बोलताना आपण दोन्ही म्हणतोच ना?

मोजपट्टी: इथे चालणार नाही. रडार उंचीमापक स्पंद खाली सोडतो, तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो, आणि ते उपग्रहाच्या उंचीतून वजा करतात. उरते ती पाण्याच्या पृष्ठभागाची उंची. तळ त्याला दिसतच नाही. तळाचा नकाशा हाताशी असेल तरच खोली सांगता येईल. 'जलपृष्ठाची उंची' लिहा.

लव्हाळा: लेखात व्यतिकरणाची (दोन वेळच्या रडार तरंगांची तुलना करण्याची) पद्धत असेल तर 'उंची'सुद्धा चूक. दोन फेऱ्यांच्या रडार प्रतिमांतलं कलांतर, म्हणजे तरंगाच्या आवर्तनातल्या टप्प्यांमधला फरक, काढलं की नुसता फरक मिळतो, म्हणून 'चढउतार'. एल-बँड या रडार लहरींची तरंगलांबी साधारण 23.6 सेंमी. कलांतराच्या चित्रात रंगांचे पट्टे दिसतात, एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने अर्धी तरंगलांबी, 11.8 सेंमी. उपग्रह तिरपा बघतो, म्हणून त्याला उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाच्या कोसाईनने भागायचं. 39 अंशांना पाण्याचा चढ किंवा उतार सुमारे 15 सेंमी येतो. हा भागाकार राहून गेला तर आकडा कमी येतो. आणि पाण्याबाहेर उभी खोडं हवीतच, तरंग पाणी आणि खोड अशा दोन टप्प्यांनी परततो. उघड्या संथ पाण्यावरून तो पलीकडे निघून जातो.

शब्दवेडा: 'पट्टा' रुक्ष आहे, 'झालर' म्हणा.

लव्हाळा: झालर कडेला असते. हे पट्टे चित्रभर असतात, आणि बांध आडवा आला की तुटतात. मग बांधापलीकडे किती पूर्ण पट्टे सरकले ते मोजता येत नाही. दोन्ही बाजूंना पाण्यात एकेक मोजकाठी लागते.

शब्दवेडा: बरं, मग निदान 'आर्द्रभूमी' तरी नको. 'पाणथळ'मध्ये 'स्थळ' आहे, शब्द अंगचा आहे.

मोजपट्टी: अधिसूचना, नकाशे जुळवायचे असतील तर 'आर्द्रभूमी' टाळून कसं चालेल?

टिपणकार: शीर्षकात 'पाणपातळी' ठेवू का?

शब्दवेडा: थांबा, 'कलांतर' कुणी सुचवला? 'कळांतर' म्हणजे व्याज!

लव्हाळा: ते वेगळं. इथली कला चंद्राच्या कलेसारखी, आवर्तनातला टप्पा.

शब्दवेडा: व्याजातली कलाही अंशच की. मूळ एकच.