अनुभव धागा: टपालाने मागवलेली सीडी-एलपी की कलाकाराकडून थेट डाउनलोड?

गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोअर रेकॉर्ड्स सुरू केलं आणि कलाकारांनी स्वतः काढलेल्या सीडी घरबसल्या मागवायची सोय झाली. आता बरेच गायक-वादक बँडकँप या संकेतस्थळावर फायली थेट विकतात. दोन्ही वाटांनी विकत घेताना काय बघायचं, काय बिघडतं, एवढंच इथे लिहा. आवडत्या मैफिलींसाठी वेगळा धागा काढू.

डाकवही

परदेशातून एलपी मागवताना आधी खोक्याचं माप विचारा. कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० असं वजन धरतात. ३५ × ३५ × ५ चं खोकं म्हणजे सव्वा किलो, आत एकच १८० ग्रॅमची तबकडी असली तरी. त्याच खोक्यात तीन एलपी मावतात, म्हणून एकेक मागवू नका.

विक्रेत्याला आवर्जून लिहा: तबकडी आतल्या पाकिटासकट जॅकेटच्या (पुठ्ठ्याच्या वेष्टनाच्या) बाहेर काढून मागे ठेवा, दोन्ही बाजूंनी ताठ पुठ्ठा लावा. खोकं आपटलं की तबकडीची कड आतून जॅकेटवर आदळते आणि शिवण फाटते. सीलबंद प्रत फोडायला विक्रेते तयार नसतात. सील हवं की धड जॅकेट, हे आधी ठरवा.

सीडीत पहिले मोडतात ते डबीच्या मधले दात. डबी हलवून बघू नका, तुकडे चकतीवर घासतात. नुसती सीडी १५-१६ ग्रॅम, डबीसकट १०० च्या आसपास. डबी वगळून चकती, पुस्तिका आणि मागचा कागद पाठवायला सांगितलं तर टपालखर्च बराच उतरतो. डबी इथे मिळते.

जकातीसाठी पावती खोक्याबाहेर हवी: वस्तू, नग, किंमत. ‘भेटवस्तू’ असं खोटं लिहायला सांगू नका. पावती आणि जाहीर किंमत जुळली नाही की पार्सल अडकतं.

गवाक्ष

+१. जून ते सप्टेंबर कोकण-मुंबईत मागवत असाल तर आत प्लास्टिकची पिशवी हवीच. ओला पुठ्ठा तसाच कपाटात गेला तर जॅकेटवर बुरशी येते. एप्रिल-मे मध्ये उलटी अडचण: पार्सल उन्हात पडलं तर तबकडी वाकते, आणि वाकलेली नीट सरळ होत नाही.

आवर्तन

पैशांचं. बँडकँप डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेतं (कलाकाराची विक्री ५००० डॉलरवर गेली की १०), वस्तूंवर १०. पेमेंटचं शुल्क वेगळं. ‘बँडकँप फ्रायडे’ला कंपनी आपला हिस्सा सोडते, जमलं तर खरेदी त्या दिवशी ठेवा. व्यवहार फसला तर आधी कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये चालू आहेत का बघा. परकीय चलनाचा अधिभार बँकेप्रमाणे बदलतो, तोही हिशोबात धरा.

तिथे एलपी किंवा सीडी घेतली की बहुतेक वेळा डाउनलोडही सोबत मिळतं. मग हे की ते असा प्रश्नच उरत नाही.

जवारी

डाउनलोड घेतलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

फॉरमॅट फ्लॅकच (आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा) निवडा. तासाभराचं ध्वनिमुद्रण सीडीच्या मूळ स्वरूपात सुमारे ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मं, ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये १४४. जागा वाचते म्हणून एमपी३ घेतला तर आपल्या संगीताचं खास नुकसान होतं. विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात, आणि एमपी३ बनताना प्रत्येक फायलीच्या आगेमागे थोडी शांतता भरली जाते. प्लेअरने ती कापली नाही तर जोडावर तानपुरा तुटतो. फ्लॅकमध्ये ही भर पडत नाही.

उतरवल्यावर संगणकाच्या कमांड लाइनवर ‘flac -t’ ही आज्ञा फायलीच्या नावासह चालवा. फायलीतच मूळ आवाजाची खूण साठवलेली असते, डाउनलोड अर्धवट असेल तर लगेच कळतं. मग स्पेक (Spek) या प्रोग्रॅममध्ये आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख बघा. १६ किलोहर्ट्झला भिंतीसारखी सरळ रेघ असेल तर मूळ फाइल एमपी३ असण्याची शंका घ्या. पण जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या मुद्रणात वरच्या कंपनसंख्या नसतातच; तिथे आलेख हळूहळू विरतो. त्याला खोटं ठरवू नका.

टॅगमध्ये (फायलीतच साठवलेल्या माहितीत) राग आणि ताल यांचे वेगळे रकाने स्वतः करा, फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचा रकाना चालतो. टॅग देवनागरीत, फायलीचं नाव रोमनमध्ये. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. ‘ज्ञा’ एकटाच चार चिन्हं खातो.

आणि उतरवलेली झिप फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा. कलाकाराने पान काढलं तर पुन्हा उतरवता येईल या भरवशावर राहू नका.

मंद्र

सीडी आली की उलटून खालची बाजू बघा. चंदेरी म्हणजे छापलेली. हिरवट-निळसर झाक म्हणजे घरी लिहिलेली सीडी-आर. कमी प्रतींच्या खाजगी मुद्रणांत ती असतेच, त्यात वाईट काही नाही. पण रंगाचा थर प्रकाशाने खराब होतो, म्हणून आल्याबरोबर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने फ्लॅक करून लॉग (नक्कल करतानाची नोंद) जपा.

टपालाची वाट मला अजून मोलाची वाटते ती पुस्तिकेसाठी. डाउनलोडच्या पानावर गायकाचं नाव ठळक असतं, पण तबला, हार्मोनियम, सारंगी, मागचे तानपुरे यांची नावं कित्येकदा नसतात. कलाकाराच्या पानावर संपर्काचा दुवा असतो. तिथे विचारा, आणि उत्तर आलं की ती नावं टॅगमध्ये भरा.