नडगीचं हाड जुळलं, पण बाबांचं पाऊल अजून दुखतंय. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. बाबांचं वय ५८. जूनमध्ये ऐन पेरणीत बैल बुजले, बाबा बंडीवरून पडले आणि उजव्या पायावरून चाक गेलं. घोट्याच्या वर दोन्ही हाडं मोडली. मोठ्या हाडात रॉड आणि स्क्रू टाकले. ऑपरेशन फुले योजनेत बसलं, त्यामुळे पैशाची ओढाताण झाली नाही.

आता सात महिने होत आले. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, मोडलं तिथं दाबलं तर दुखतही नाही. दुखतं ते पाऊल, जिथं काहीच मोडलं नव्हतं!

रात्री पावलावर चादर टेकली तरी झटकून देतात. "इंगय (निखारा) ठेवल्यावानी लागते रे," म्हणतात. एवढ्या थंडीत आम्ही सगळे गोधडीत आणि त्यांचं एक पाऊल उघडं. सकाळी ते दुसऱ्यापेक्षा गार आणि निळसर असतं, संध्याकाळी तेच लाल होऊन सुजतं. कातडी तकतकीत झालीय, घाम फक्त त्याच तळव्याला येतो. घोटा आखडलाय, उकिडवं बसता येत नाही. ताप नाही, जखमेतून पू नाही, पोटरी सुजलेली नाही. साखर तपासली, ती नॉर्मल आहे.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि "हाड छान जुळलंय, चालत राहा" म्हणाले. पाऊल पाहिलंच नाही, याचं फार वाईट वाटलं. दुखण्याच्या गोळ्यांनी पित्त वाढतं, आराम पडत नाही.

दोन्ही पावलं शेजारी ठेवून पहिल्यांदा पाहिली ती फिजिओथेरपीवाल्या ताईंनी. त्यांना सीआरपीएसची, म्हणजे दुखापतीनंतर हाता-पायात रेंगाळणाऱ्या नसांच्या दुखण्याची शंका आहे. हाड बरं झालं तरी नसा धोक्याचा इशारा देतच राहतात, असं त्यांनी समजावलं. बर्फ लावायचा नाही, आणि दिवसातून पाच-सहा वेळा आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल हळूहळू पावलावर फिरवायचा. कापूस घरचाच. पहिल्या दिवशी बाबांनी दात-ओठ खाऊन मिनिटभर सोसला, आता तीन मिनिटं सोसतात. मध्ये आरसा ठेवून चांगला पाय हलवायचा व्यायामही चालू आहे.

गावात कुणी म्हणतं हाडवैद्याकडून चोळून घ्या, कुणी म्हणतं पाय जमिनीला टेकवूच नका. मी दोन्ही ऐकलं नाही. बरोबर केलं ना?

कुणाच्या घरी असं झालं असेल तर फरक पडायला किती दिवस लागले? नागपूरला पेन क्लिनिकमध्ये दाखवावं की मेंदू-नसांच्या डॉक्टरांना? प्रीगाबालिनसारख्या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणतात. बाबा रात्री गोठ्यात उठून जातात, त्यामुळे पुन्हा पडण्याची धास्ती वाटते. कुणी दिल्या असतील तर कसं सांभाळलं? आणि रॉड काढल्याने या दुखण्यात फरक पडतो का?

तूर सोंगणीला आलीय. बाबा धुऱ्यावर खाट टाकून बसतात, उजवी चप्पल काढून बाजूला ठेवलेली असते. ते पाहून जीव तुटतो.

पुढच्या सोमवारी त्यांना नागपूरला नेतोय. डिस्चार्ज कार्ड, पहिल्यापासूनचे एक्स-रे आणि पावलाचे सकाळ-संध्याकाळचे फोटो सोबत घेतले आहेत. आणखी काय न्यावं लागेल?