मदत हवी आहे : फेब्रुवारीत आईसलँड, आईबाबा आणि जिवंत देवमासा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन आईसलँडला जायचं ठरतंय. मी डब्लिनला असते, ते दोघं मालवणहून माझ्याकडे आलेत. शेंगेन व्हिसा हातात आलाय, हाताशी चार रात्री आहेत. नॉर्दर्न लाइट्स दिसले तर आनंदच, पण जाण्याचं खरं कारण वेगळं आहे.

बाबांची अख्खी हयात दर्यावर गेली. आधी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, मग स्वतःच्या नौकेवर तांडेल. डॉल्फिन त्यांना रोजचेच. देवमासा मात्र त्यांनी एकदाच पाहिला, नऊ वर्षांचे असताना, तोही किनाऱ्याला लागलेला, मेलेला. सगळा गाव बघायला लोटला होता. त्याच्या जबड्याशी उभं राहिल्यावर आपलं डोकं जबड्याच्या वरच्या कडेला पोचत नव्हतं, हे ते अजून हाताने माप दाखवून सांगतात. गेल्या वर्षी टीव्हीवर काहीतरी बघताना सहज म्हणाले, "मेल्लेलो बघलंय, आता जितो बघूचो आसा." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

आता अडचणी. बाबा ६९ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय, पण थंड वाऱ्यात फार वेळ उभं राहू नका म्हणालेत. आईला बोट लागते. इतकी की लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायच्या होडीत तिला मळमळतं. तरीही ती म्हणते, मी येणारच.

मुख्य प्रश्न असा की हिवाळ्यात खरंच देवमासे दिसतात का? ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की सगळे थंडीत दक्षिणेला जातात आणि बोटवाले नुसते डॉल्फिन दाखवून परत आणतात. तसं असेल तर बाबांना उगाच आशा लावायला नको. दुसरं, बोट रेक्याविकहूनच घ्यावी की दुसरीकडून? ओर्का (किलर व्हेल) दिसतात म्हणून स्नाईफेल्सनेस या पश्चिमेच्या द्वीपकल्पाचं नाव बरेचदा वाचलं. आणि वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर काय करतात?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. अनुभव असेल तर फारच उत्तम.

*

प्रतिसाद

ताई, मी सहा वर्षं रेक्याविकमध्ये राहतोय, हिवाळ्यात तीनदा बोटीवर गेलोय. तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. हंपबॅक व्हेल या जातीचे देवमासे उन्हाळाभर इथे खाऊन घेतात आणि विणीसाठी कॅरिबियन किंवा केप व्हर्देकडच्या कोमट पाण्यात जातात. पण सगळे जात नाहीत, आणि जाणारेही एकाच वेळी निघत नाहीत. इथे हेरिंग आणि कॅपेलिन असेल तोवर काही जण मुक्काम ठोकून असतात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच जातकुळीतला मासा, बाबांना लगेच कळेल. कॅपेलिन वीतभर किंवा त्याहून थोडा लहान मासा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे थवे अंडी घालायला दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याकडे येतात. म्हणजे तुमची वेळ वाईट नाही. मात्र कॅपेलिनचं दरवर्षी सारखं नसतं. 2019 आणि 2020 मध्ये साठा इतका कमी होता की त्याच्या मासेमारीला परवानगीच दिली नव्हती.

मिंके व्हेल थंडीत क्वचितच दिसतो, तो साधारण एप्रिलपासूनचा पाहुणा. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन मात्र रेक्याविकसमोरच्या फाक्साफ्लोई उपसागरात बारा महिने असतात. अंगाने आपल्याकडच्यांपेक्षा चांगलेच दणकट, आणि बोटीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, पोहायला आवडतं त्यांना.

जाहिरातीतली फेरी यशस्वी होण्याची टक्केवारी वाचून हुरळून जाऊ नका. डॉल्फिन किंवा एखादा पॉरपॉईज (डॉल्फिनसारखाच, पण छोटा प्राणी) दिसला तरी ती फेरी यशस्वी धरतात. बाबांना आधीच स्पष्ट सांगा : डॉल्फिन बहुतेक दिसतील, देवमासा दिसेलच असं नाही. दर्यावरचा माणूस आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुकिंग पहिल्याच दिवसाचं करा. वाऱ्याने फेरी रद्द झाली तर पैसे परत देतात किंवा दुसरा दिवस देतात, पण तो दुसरा दिवस तुमच्या हातात शिल्लक हवा. काहीच दिसलं नाही तर बऱ्याच कंपन्या पुन्हा एक फेरी फुकट देतात, तेही बुकिंग करताना विचारून घ्या.

*

प्रतिसाद

स्नाईफेल्सनेसबद्दल लिहिते. ओर्का तिथे हिवाळ्यात येतात ते हेरिंगच्या मागे. 2012 च्या डिसेंबरात आणि 2013 च्या फेब्रुवारीत तिथल्या कोल्ग्राफाफ्योर्दुर खाडीत हेरिंगचा इतका मोठा थवा शिरला की पाण्यातला प्राणवायू संपून हजारो टन मासा मेला. त्या वर्षांत ग्रुंडारफ्योर्दुर गावाच्या तोंडाशी ओर्का दिसायचे. पुढे हेरिंगने हिवाळ्याची जागा बदलली, आणि ओर्काही पांगले. अजूनही दिसतात, पण जुने लेख वाचून भरवसा ठेवू नका.

तिथल्या ओलाफ्सविक गावाच्या बोटी ज्या खोल पाण्यात जातात तिथे स्पर्म व्हेलही मिळतो, आणि गंमत म्हणजे फक्त नर. माद्या आणि पिल्लं गरम पाणी सोडून इतक्या वर येत नाहीत. पण तो एकदा बुडी मारून गेला की पाऊण तास वर येत नाही. थंडीत उभं राहून वाट बघणं तुमच्या बाबांच्या तब्येतीला झेपणार नाही असं मला वाटतं.

त्यात रेक्याविकहून ओलाफ्सविक जवळपास 190 किलोमीटर, फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फ आणि डोंगरावरून येणारा आडवा वारा. चार रात्रींत, आईबाबांना मागे बसवून, बर्फात गाडी चालवायची सवय नसताना हे करू नका. हे मी कळकळीने सांगतेय. मागच्या वर्षी आमची गाडी याच रस्त्यावर कडेला घसरली होती. कोणाला लागलं नाही, पण मदत येईपर्यंतचे दोन तास मी विसरलेले नाही.

*

प्रतिसाद

वरच्या दोघांना अनुमोदन. फक्त आकुरेरीचाही विचार करा. उत्तरेला आहे, रेक्याविकच्या देशांतर्गत विमानतळावरून पाऊण तासाचं विमान. एयाफ्योर्दुर ही साठेक किलोमीटर आत शिरलेली खाडी, दोन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे पाणी बरंच शांत असतं, आणि हंपबॅक पार आत येतात. आईंना बोट लागते म्हणून हे सुचवतोय. उत्तरेच्याच हुसाविक गावाचं नाव सगळीकडे वाचाल, पण तिथला हंगाम साधारण मार्चपासून सुरू होतो. अडचण एकच, वादळ आलं तर आकुरेरीचं विमानही रद्द होतं. चार रात्रीच असतील तर मी रेक्याविकच धरेन.

जाताना आईंसाठी : आदल्या रात्री आणि निघायच्या तासभर आधी गोळी, पण कुठली ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि दुसऱ्या औषधांशी त्यांचं जमेलच असं नाही. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. बोटीच्या आत गरम केबिन असते, सगळे तिकडे पळतात आणि तिथेच सगळ्यात जास्त लागते. त्यांना बाहेर, मागच्या बाजूला, शक्य तितकं मधोमध उभं करा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. आलेपाक मिळाला तर खिशात ठेवा.

बाबांसाठी : बोटीवर अंगभर जाड ओव्हरऑल देतात, तो कपड्यांवरून चढवायचा. आत लोकरीचा थर हवा, सुती नको. रेक्याविकला फेब्रुवारीत तापमान शून्याच्या आसपास असतं, डब्लिनपेक्षा थोडं थंडच, पण खरा त्रास वाऱ्याचा. वीस मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत, असं ठरवूनच घ्या. आणि बंदरापर्यंत चालताना फुटपाथवर काचेसारखा बर्फ असतो. बुटांना बांधायचे खिळ्यांचे पट्टे तिथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, पहिल्या दिवशीच घ्या.

*

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. रेक्याविक नक्की केलं, बुकिंग पहिल्या दिवसाचं. बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. तारलीचं ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, हे लोक देवमासा मारतात ना? मला नीट उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल का?

*

प्रतिसाद

मारत होते, आणि कायद्याने अजूनही मारू शकतात. 2006 मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू झाली. 2023 च्या उन्हाळ्यात जनावरांचे हाल होतात या मुद्द्यावर सरकारने ती ऑगस्टअखेरपर्यंत थांबवली, सप्टेंबरात पुन्हा सुरू झाली. 2024 आणि 2025 च्या उन्हाळ्यात मोठ्या फिन व्हेलची शिकार झाली नाही, पण परवाने अस्तित्वात आहेत. तुम्हाला जो दिसायची शक्यता आहे त्या हंपबॅकला मात्र 1955 पासून संरक्षण आहे. रेस्टॉरंटच्या मेन्यूवर व्हेलचं मांस दिसलं तर घेऊ नका एवढंच सांगेन, ते बहुतेक पर्यटकांसाठीच ठेवलेलं असतं.

बाबांना आणखी एक सांगा. आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, ओमानपासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. ते कुठे थंडीच्या देशांत जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात, आणि फार थोडे उरलेत.

*

धागालेखिका

जाऊन आलो. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

पहिल्या दिवशी सकाळीच मेल आली : वाऱ्यामुळे फेरी रद्द. पहिल्या दिवसाचं बुकिंग करा असं इथे सांगितलं नसतं तर आमचा सगळा बेत तिथेच संपला असता. दुसऱ्या दिवशीची दुपारची फेरी मिळाली. आईने गोळी घेतली होती, आलेपाक डब्लिनच्या घरात मीच केला होता. ती शेवटपर्यंत मागच्या कठड्याला धरून उभी राहिली. एकदाच उलटी झाली, तोंड पुसून पुन्हा क्षितिजाकडे बघू लागली.

पहिला दीड तास काही नाही. मग डॉल्फिन आले, सात-आठ, नाळेखाली. सगळे पुढे धावले. बाबा जागचे हलले नाहीत. ते उजवीकडे लांब बघत होते. मला म्हणाले, "अगो, थंय बघ, पाखरां पडतत. मासो आसा थंय." मला नुसते पांढरे ठिपके दिसत होते. दोन-तीन मिनिटांनी गाईड भोंग्यावरून बोलली, तीन वाजताच्या दिशेला पक्षी आहेत, आपण तिकडे जातोय. (बोटीची नाळ म्हणजे बारा वाजता, त्या हिशोबाने त्या दिशा सांगतात.)

आधी आवाज आला. मोठा टायर एकदम सोडल्यासारखा फुस्सकन, आणि मग वाऱ्याबरोबर सडक्या मासळीचा दर्प. बाबांनी माझा हात घट्ट धरला. काळी पाठ वर आली, आली, येतच राहिली, मग तिची कमान झाली आणि शेपूट पाणी गाळत सरळ उभं राहिलं. ते गेल्यावर तिथे पाण्यावर एक मोठा गुळगुळीत गोल उरला, तेल सांडल्यासारखा. आजूबाजूला लाटा, पण त्या गोलात एकही लाट नाही. शेपटीच्या फटकाऱ्याने तसं होतं असं गाईडने सांगितलं. बाबा त्या गोलाकडेच बघत होते, तो विरून जाईपर्यंत. सात-आठ मिनिटांनी तो पुन्हा वर आला. एकूण तीन वेळा.

वीस मिनिटांचा नियम आम्ही मोडला, हे प्रामाणिकपणे सांगते. बाबा आत यायलाच तयार नव्हते. शेवटी मी आतून गरम पाणी आणून त्यांना तिथेच पाजलं. तब्येत ठणठणीत आहे.

शेपटीच्या खालच्या बाजूचे पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून देवमासा ओळखतात. गाईडने फोटो काढलाय आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघते म्हणाली. हा पूर्वी कुठे दिसला होता का, एवढंच बाबांना जाणून घ्यायचंय. रोज सकाळी विचारतात, मेल आली काय? आली की इथे लिहीन.